चर्चमधील लग्नासाठी गायन कसे निवडावे

चर्चमधील लग्न ठरले की हॉल, केटरर, गाउन आणि फोटोग्राफर यांची चौकशी कित्येक महिने आधी सुरू होते; गाण्यांचा विषय मात्र लग्न पंधरा दिवसांवर आले की कोणाच्या तरी लक्षात येतो. मी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गायकवृंदात गाते आणि नात्यातल्या लग्नांची गाणी ठरवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ नेमका कुठे उडतो ते मला माहीत झाले आहे. वधू-वर आवडत्या गाण्यांची यादी घेऊन येतात आणि ती विधीत कुठेतरी बसवा म्हणतात. हा क्रम उलटा करावा लागतो. आधी विधी समजून घ्यावा, त्यात गायनाच्या जागा कोणत्या आहेत ते पाहावे, आणि मग त्या जागेला शोभेल व आपल्या गायकांना झेपेल असे गाणे शोधावे. हे मार्गदर्शन मुख्यतः वसई, मुंबई आणि पुणे परिसरातील मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी पुढे थोडे वेगळे लिहिले आहे.

१. लग्न मिस्सेत आहे की मिस्सेविना, हे आधी विचारा

दोघेही कॅथलिक असतील तर विवाहविधी सहसा मिस्सेतच, म्हणजे ख्रिस्तप्रसादासह होणाऱ्या उपासनेतच होतो. एक जण दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर विधी सहसा मिस्सेविना होतो. बिशपांच्या संमतीने मिस्सा होऊ शकते. वधू किंवा वर यांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल, आणि आपल्याकडे अशी लग्ने आता नवलाची राहिलेली नाहीत, तर प्रभुशब्दाची वाचने आणि विवाहविधी एवढाच भाग असतो. अशा वेळी अर्पणगीत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, ‘देवाच्या कोकरा’ आणि ख्रिस्तप्रसादाची गीते या जागाच शिल्लक राहत नाहीत. विधीची व गीतांची पुस्तिका छापून झाल्यावर हे कळले तर निम्मी गाणी वाया जातात, म्हणून फादरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न तारखेचा. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी विवाहविधी होत नाही. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, लग्नाची परवानगी मिळाली तरी ‘आलेलुया’ गाता येत नाही. त्या जागी शुभवर्तमानापूर्वीचे दुसरे स्तुतिवचन घ्यावे लागते, आणि वाद्ये सहसा केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्यांची लग्ने पुष्कळ होतात. तो आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ असतो, तेव्हा वाद्यांचा थाट बेताचा ठेवावा. नाताळची गीते त्या दिवसांत कानावर पडत असली, तरी ती मिस्सेत आणू नयेत.

२. पहिल्या भेटीला काय न्यावे आणि काय विचारावे

लग्नाच्या नोंदणीसाठी बाप्तिस्म्याचा व दृढीकरणाचा दाखला आणि विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र तुम्ही नेणारच आहात. गायनासाठी त्याच फाइलमध्ये आणखी काही कागद ठेवावेत:

- लग्नाची तारीख व वेळ, आणि त्याच दिवशी चर्चमध्ये त्याआधी किंवा नंतर दुसरे लग्न असल्यास त्याची वेळ
- निवडलेली वाचने आणि स्तोत्र, अध्याय व ओव्यांच्या क्रमांकांसह
- गीतांची कच्ची यादी, प्रत्येक गीताचे पूर्ण शब्द आणि लॅटिन किंवा इंग्रजी गीत असल्यास त्याचा मराठी अर्थ
- बाहेरचा गायकवृंद किंवा वादक आणणार असल्यास त्यांच्या प्रमुखाचे नाव आणि फोन
- वाद्यांची यादी, आणि किती माइक लागतील त्याचा अंदाज

धर्मग्रामाचा स्वतःचा गायकवृंद असेल तर त्याला न विचारता बाहेरचा आणू नये. परवानगी मिळते, पण मने दुखावतात, आणि कीबोर्डची चावी, साउंडचे कपाट व माळ्यावरचा दिवा हे सगळे शेवटी त्यांच्याच हातात असते.

३. विधीतल्या जागा एका कागदावर मांडा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि इथे घाई करू नये. एका कोऱ्या कागदावर विधीचा क्रम उभा लिहा आणि प्रत्येक जागेसमोर ती किती वेळ चालेल, कोण गाणार आणि लोकांनी साथ द्यायची की नाही, अशी तीन टिपणे करा.

प्रवेशाची जागा सगळ्यांना ठाऊक असते. वडिलांच्या हाताला धरून वधू एकटी येते आणि वर वेदीपाशी वाट पाहतो, हे दृश्य सिनेमांमुळे मनात बसले आहे. कॅथलिक विधीत मात्र धर्मगुरू व सेवकांमागोमाग वधू-वरांनी आपापल्या आईवडिलांसह आणि साक्षीदारांसह एकत्र येण्याचीही तरतूद आहे. तुम्ही कोणती पद्धत घेता त्यावर प्रवेशगीताची लांबी ठरते. दारापासून वेदीपर्यंत सरावाच्या दिवशी स्वतः चालून पाहा आणि घड्याळ लावा. करवल्या व फुले उधळणारी मुले धरून वेळ मोजली की पाच कडव्यांच्या गीतातली किती लागतील ते कळते.

प्रवेशानंतर पुष्कळ गायकवृंद सवयीने ‘प्रभू दया कर’ सुरू करतात. १९९० च्या सुधारित विवाहविधीनुसार लग्नाच्या मिस्सेत पश्चात्तापविधी वगळला जातो आणि गौरवगीत घेतले जाते. रविवारच्या मिस्सेचा साचा जसाच्या तसा उचलल्यामुळे ही चूक छापील पुस्तिकांतही दिसते, म्हणून फादरांकडून हा भाग नक्की करून घ्यावा.

पहिल्या वाचनानंतरचे स्तोत्र म्हणजे बायबलमधले स्तोत्रच हवे. त्या जागी एखादे आवडते भक्तिगीत घालता येत नाही. विवाहाच्या वाचनसंग्रहात ३३, ३४, १०३, ११२, १२८, १४५ आणि १४८ या स्तोत्रांतून निवड दिलेली आहे. आपल्याकडे १२८ वे फार आवडते आहे, कारण त्यात घरातली पत्नी फळांनी लगडलेल्या द्राक्षवेलीसारखी आणि मेजाभोवतीची मुले जैतुनाच्या रोपांसारखी वर्णिली आहेत. मला स्वतःला लग्नासाठी १४५ वे अधिक भावते: देव दयाळू आहे, मंदक्रोध आहे, सर्वांना चांगला आहे. लग्नाच्या दिवशी मुलांचा विषय नको वाटणाऱ्या, उतारवयात लग्न करणाऱ्या जोडप्यांनाही ते सोयीचे पडते. स्तोत्राच्या ओळी एका गायकाने गाव्यात आणि प्रतिसाद इतका सोपा असावा की लोकांना तो एकदा ऐकून उचलता येईल.

संमती, अंगठ्या आणि काही ठिकाणी मंगळसूत्र, हा विधीचा गाभा आहे. इथे गाणे नको आणि कीबोर्डची मंद सुरावटही नको. व्हिडिओ चांगला यावा म्हणून वादकाला खालून काहीतरी वाजवत राहायला सांगितले जाते आणि नेमके वधूचे शब्द मागच्या बाकांवर ऐकू येत नाहीत. धर्मगुरूंच्या प्रार्थनांखाली वाद्य वाजवू नये, असा मिस्सेचा नियमच आहे. वधू-वरांवरील आशीर्वादाची मोठी प्रार्थनाही त्यात येते. अंगठ्या घातल्यानंतर मात्र सर्वांनी मिळून एक स्तुतिगीत गाण्याची मुभा आहे. ही जागा फार थोड्यांना माहीत असते. सगळ्या चर्चला पाठ असलेले, जोमदार चालीचे मराठी गीत इथेच टाकावे.

अर्पणगीत लहान असावे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उलट गरज पडते: पाहुणे चारशे असले आणि प्रसाद देणारे दोघेच, तर एका गीताने भागत नाही. दोन गीते तयार ठेवावीत, पहिले लोकांसह आणि दुसरे गायकवृंदाचे. त्यानंतर वधू मारियामातेच्या मूर्तीपाशी फुले ठेवणार असेल तर तिथे ‘आवे मारिया’ येते. नोंदवहीत सह्या होत असताना काहीतरी वाजत राहावे आणि बाहेर पडताना आनंदाचे संगीत व्हावे. या शेवटच्या दोन जागा वाद्यसंगीतासाठी सर्वांत मोकळ्या आहेत.

४. चाल बाजूला ठेवून शब्द वाचा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात गीतांचे शब्द श्रद्धेशी सुसंगत आणि मुख्यतः बायबलमधून व उपासनेच्या स्रोतांतून घेतलेले असावेत, असे म्हटले आहे. त्यावरून एक साधी कसोटी निघते. गीत गद्यासारखे मोठ्याने वाचा. त्यात देव कुठे आहे? ‘तू’ म्हणजे प्रभू की प्रियकर, असा प्रश्न पडला तर ते गीत हॉलमधल्या स्वागतसमारंभासाठी राखून ठेवा. तिथे ते छान वाटेल. चित्रपटगीताच्या चालीवर धार्मिक शब्द बसवून आणण्याचा मोहही टाळावा, कारण चाल ऐकताच लोकांना मूळ गाणे आठवते आणि बाकांमध्ये खसखस पिकते. मांडवात बायका गातात ती लग्नगीते हा आपला फार मोठा ठेवा आहे, पण त्यांची जागा मांडवातच आहे.

याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला) मानाचे स्थान आहे, पाइप ऑर्गनचा गौरव आहे आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य मान द्यावा असे सांगितले आहे. त्यामुळे पेटी-तबल्यावरचे, भजनी ठेक्यातले मराठी गीत ‘कमी चर्चसारखे’ आहे, हा समज सोडून द्यावा. दोन्ही प्रकार एकाच मिस्सेत नांदू शकतात, मात्र प्रत्येक गाण्यागणिक उडी मारू नये. मी सहसा लोकांची गीते मराठीत ठेवते आणि फक्त गायकवृंदाची एक-दोन लॅटिनमध्ये.

५. प्रसिद्ध पाश्चात्त्य रचना: कोणती कुठे

यादीत हटकून येणाऱ्या रचनांची थोडी माहिती असली तर वाद वाचतात.

‘हिअर कम्स द ब्राइड’ म्हणून ओळखली जाणारी चाल वाग्नरच्या ‘लोहेनग्रीन’ या १८५० मध्ये रंगभूमीवर आलेल्या संगीतनाटकातली आहे. तिथे हे समूहगान लग्न लागल्यानंतर, जोडप्याला शयनगृहाकडे नेताना गायले जाते, आणि त्याच प्रवेशात त्या दोघांचा विश्वास तुटतो. मेंडेल्सझोनचा ‘वेडिंग मार्च’ शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी १८४२ मध्ये लिहिलेला, १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात वाजल्यावर तो जगभर पसरला. दोन्ही रंगभूमीच्या रचना असल्यामुळे काही धर्मगुरू त्यांना नकार देतात, काही देत नाहीत. बाहेर पडताना मेंडेल्सझोन चालतो का, ते विचारून घ्यावे. वाग्नरसाठी मी आग्रह धरणार नाही.

ख्रिस्तप्रसादासाठी मोत्सार्टचे ‘आवे वेरुम कोर्पुस’ हे माझे पहिले उत्तर असते. १७९१ च्या जूनमध्ये लिहिलेली ही रचना अवघ्या ४६ मात्राखंडांची, सुमारे तीन मिनिटांची आहे, आणि शब्द ख्रिस्ताच्या शरीराविषयीच असल्यामुळे ती जागेला अचूक बसते. कागदावर ती सोपी दिसते, म्हणून हौशी गायकवृंद तिच्यावर झडप घालतात. खरी परीक्षा ‘कूयुस लातुस पेरफोरातुम’ या ओळीपाशी होते: तिथे रचना मूळ पट्टी सोडून वळते, अल्टो (खालचा स्त्रीआवाज) आणि टेनर (वरचा पुरुषआवाज) चाचपडतात, सूर नकळत खाली घसरतो, आणि कीबोर्ड पुन्हा मोठा झाला की सगळ्यांना ते कळते. सरावात ही ओळ वेगळी काढून, वाद्याशिवाय गाऊन, शेवटी कीबोर्डवर सूर तपासून पाहावा.

सेझार फ्रांकचे ‘पानिस आंजेलिकुस’ १८७२ चे असून शब्द संत थॉमस अक्वायनस यांचे आहेत. एक चांगला टेनर किंवा सोप्रानो (उंच स्त्रीआवाज) मिळाला तर तेही याच जागेसाठी उत्तम. ‘आवे मारिया’चे दोन अवतार लोकप्रिय आहेत. शूबर्टची १८२५ ची रचना मुळात वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातील नायिकेच्या प्रार्थनेवर आहे आणि लॅटिन प्रार्थना तिच्यावर नंतर बसवली गेली. गूनोची रचना बाखच्या एका प्रेल्यूडवर (छोट्या वाद्यरचनेवर) रचलेली आहे. दोन्ही एकट्या आवाजात शोभतात, गायकवृंदाने सगळ्यांनी मिळून ती ओढू नयेत. सह्यांच्या वेळी बाखचे ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ छान वाटते, पण त्यातली सतत वाहणारी धून वादकाच्या बोटांत असायला हवी. घरी दहा मिनिटे वाजवून दाखव म्हणावे आणि मगच यादीत घालावे.

बाहेर पडताना जेरेमाया क्लार्कचा ट्रंपेटवरचा मार्च घेण्याची कल्पना आपल्याकडे सहज जमण्यासारखी आहे, कारण वरातीच्या बँडमध्ये उत्तम ट्रंपेटवाले असतात. त्यांचा ट्रंपेट बहुधा बी-फ्लॅटचा असतो, म्हणजे कीबोर्डच्या कागदावरून वाजवले तर सगळे एक स्वर खाली येते. त्यांच्यासाठी एक स्वर वर लिहिलेला वेगळा कागद द्यावा आणि लहान चर्चमध्ये त्यांना मागच्या दाराशी उभे करावे.

६. गायकवृंदाची ताकद आणि पट्टी

चार आवाजांची रचना घेण्याआधी प्रत्येक आवाजात निदान दोन खात्रीचे गायक आहेत का ते मोजा. बहुतेक ठिकाणी सोप्रानो भरपूर असतात आणि टेनर एकच, तोही कामावरून थेट येणारा. अशा वेळी दोन आवाजांची मांडणी घ्यावी. नीट गायलेले दोन आवाज अर्धवट चारांपेक्षा कधीही बरे. मोत्सार्ट, फ्रांक यांच्यासारख्या जुन्या रचनांची स्वरलिपी आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या संकेतस्थळांवर मोफत मिळते. विसाव्या शतकातल्या रचनांची प्रत विकत घ्यावी: धार्मिक विधीत गाण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण संरक्षित स्वरलिपीच्या झेरॉक्स काढणे ही वेगळी बाब आहे.

पेटीवाला आणि कीबोर्डवाला एकत्र बसणार असतील तर पट्टीची यादी दोघांच्या भाषेत लिहावी: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, काळी एक म्हणजे सी-शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. जुनी पेटी कीबोर्डशी बारीक फरकाने जुळत नाही, आणि हा फरक माइकवर कानाला खुपतो. कीबोर्डची फाइन ट्यूनिंग बदलून तो पेटीला जुळवता येतो; पेटी जागच्या जागी जुळवता येत नाही. ट्रान्सपोजचे (पट्टी बदलण्याचे) बटण वापरले असेल तर गाणे संपताच ते शून्यावर आणायची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी.

वादक मिळत नाही म्हणून तयार ट्रॅकवर गाणे बहुतेक धर्मग्रामांत चालत नाही. आणि चालले तरी, ट्रॅक वधूसाठी थांबत नाही.

७. पुस्तिका

छापखान्यात अजूनही बरेच काम श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडहून वेगळ्या जुन्या फॉन्टप्रणालीत होते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर तिथे गेला की जोडाक्षरे फुटतात, ‘ख्रिस्त’ आणि ‘स्तोत्र’ हमखास. पीडीएफ प्रूफ मागवून गायकवृंदातल्या एकाने ओळ न ओळ गात तपासावे. नुसते वाचून चुका सुटतात. लोकांनी म्हणायचे भाग ठळक अक्षरात द्यावेत आणि लॅटिन गीताखाली मराठी अर्थ द्यावा.

८. चर्चमध्येच एक सराव

एक सराव तरी प्रत्यक्ष चर्चमध्ये, लग्नाच्याच वेळेला घ्यावा. गायकवृंद माळ्यावर असेल तर वेदीपाशी काय चालले आहे ते वादकाला दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस खुणेसाठी ठेवावा. मेच्या उकाड्यात सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि कागद उडतात. कपड्यांचे चिमटे नेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लाइट गेली तर जनरेटर किती वेळाने सुरू होतो ते सॅक्रिस्टनला (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याला) विचारावे आणि वाद्याशिवाय गाता येईल असे एक गीत सगळ्यांना पाठ असू द्यावे. व्हिडिओवाल्यांनाही याच सरावाला बोलवावे आणि गायकांच्या माइकसमोर त्यांचे स्टँड येणार नाहीत एवढे ठरवून घ्यावे.

९. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, कोल्हापूर या भागांतल्या मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हेच मुख्य गीतपुस्तक आहे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) अनेक पदे त्यात आहेत. वर सांगितलेले मिस्सेचे नियम इथे लागू होत नाहीत. गीतांची संख्या आणि जागा पाळकसाहेबांबरोबर ठरवायच्या. एकाच क्रमांकाचे गीत दोन गावांत दोन चालींवर गायले जाते, हा इथला मोठा सापळा आहे. वधू एका मंडळीची आणि वर दुसऱ्या मंडळीचा असेल तर पहिले कडवे फोनवर रेकॉर्ड करून पलीकडे पाठवावे आणि कोणती चाल घ्यायची ते आधीच ठरवावे.

१०. मानधन आणि ऑनलाइन प्रक्षेपण

धर्मग्रामाचा गायकवृंद पैसे मागत नाही, म्हणून काही द्यायचे नाही असे समजू नये. फादरांना किंवा गायकवृंदप्रमुखांना रिवाज विचारावा आणि पाकीट लग्नाच्या आदल्या दिवशीच द्यावे, कारण लग्नाच्या दिवशी ते कोणाच्या खिशात राहते याचा पत्ता लागत नाही. बाहेरच्या वादकांशी मात्र रक्कम, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण हे तिन्ही आधी बोलून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावे.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल तर तिथे स्वयंचलित हक्कतपासणी चालते हे लक्षात ठेवावे. मिस्सा सुरू होण्याआधी पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत साउंडवाल्याने एखादे रेकॉर्ड केलेले गाणे लावले, तर तेवढ्यावरून प्रक्षेपणच बंद पडू शकते. तेव्हा त्या वेळेतही कीबोर्डवाल्यालाच वाजवायला सांगावे आणि साउंडवाल्याचा पेनड्राइव्ह हॉलवर पाठवून द्यावा.